बाथरूमच्या दाराची रुंदी

प्रेरणादायी भाषणं देणाऱ्यांच्या पोतडीत एक दाखला हमखास असतो. लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात पाय गेलेली माणसं वर्षभराने सारखीच सुखी असतात, असं म्हणे अमेरिकेत सिद्ध झालंय. टाळ्या पडतात, वक्ता पाणी पितो. मूळ अभ्यास १९७८ सालचा, फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. त्यात लॉटरी लागलेले २२ जण होते, त्यांच्याच वस्त्यांतले साधेसुधे २२ आणि मज्जारज्जूला इजा होऊन अंगातलं बळ गेलेले २९. आपण सध्या किती सुखी आहोत, याला प्रत्येकाने शून्य ते पाचपैकी गुण द्यायचे होते. लॉटरीवाल्यांची सरासरी आली ४, शेजाऱ्यांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६. यात ‘सारखेच’ कुठे आहे? जवळपास सारखे निघाले ते लॉटरीवाले आणि त्यांचे शेजारी. अपघातग्रस्त स्पष्ट खाली होते. मात्र ते पार तळालाही गेले नव्हते. अपघाताला वर्षही उलटलेलं नसताना ते मधल्या रेषेच्या वर होते, आणि खरं कुतूहल तिथे आहे.

दुसरा दाखला उलट बाजूचा. तो भाषणात येत नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. मानेपासून खाली लुळा पडलेला माणूस बघून आलं की उंबऱ्याबाहेर चपला घालताना कुणीतरी म्हणतंच, ‘यापेक्षा सुटला असता तर बरं झालं असतं.’ हे फक्त नातेवाईक म्हणतात असं नाही. अमेरिकेत तातडीच्या विभागांत काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सना संशोधकांनी विचारलं, की अशी गंभीर इजा होऊन तुम्ही वाचलात, तर आपण जिवंत आहोत याचा तुम्हाला आनंद वाटेल का? ‘हो’ म्हणणारे फक्त १८ टक्के निघाले. ज्यांना खरोखर तशी इजा झाली होती आणि जे तशा शरीरानिशी जगत होते, त्यांच्यात ‘हो’ म्हणणारे ९२ टक्के होते. हा अभ्यास १९९४ सालचा. पहिल्या काही तासांत जीव वाचवण्यासाठी किती झटायचं हे ज्यांच्या हातात असतं, त्यांचा अंदाज इतका चुकतो, हे विसरण्यासारखं नाही.

या दोन्ही दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. एक म्हणतो हा माणूस सुखी होणारच, दुसरा म्हणतो हा दुःखी असणारच. त्याला विचारायला दोघेही थांबत नाहीत. मज्जारज्जूच्या इजेनंतर मनाचं काय होतं, या प्रश्नाचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास मला तरी या न विचारण्याचाच इतिहास वाटतो.

मज्जारज्जू ही करंगळीएवढ्या जाडीची, जेमतेम दीड फूट लांबीची दोरी. आपल्याकडे ‘मणका तुटला’ असं म्हणतात, पण हाड जुळतं. आतली दोरी जुळत नाही, आणि दुखणं तिथे आहे. मानेत इजा झाली तर चारही हातपाय जातात, छाती-कमरेत झाली तर पाय. लोकांना तेवढंच दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टींत लघवी आणि शौचावरचा ताबा, त्वचेची जाणीव, घाम, रक्तदाब, लैंगिक क्रिया हे सगळं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांना ही इजा होते असं म्हटलं होतं. आज जगात दीड कोटीहून अधिक लोक ती घेऊन जगत आहेत. आपल्याकडची कारणं आपल्या कामधंद्यांतून येतात. बांधकामाची परांची, आंब्याचं झाड, माड, कठडा नसलेली विहीर, गच्ची, डोक्यावरून कोसळलेलं ओझं, आणि अर्थातच दुचाकी. शिवाय मणक्याचा क्षयरोग. दुखतंय म्हणून महिनोन्महिने पट्टा बांधून काम करत राहिलेला माणूस एक दिवस उठतो तो पाय न उचलता.

पहिल्या महायुद्धात अशा इजेचे बहुतेक सैनिक आठवड्या-महिन्यांत दगावत, शय्याव्रणांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. त्यामुळे मनाचा प्रश्न निघायलाही वेळ नव्हता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. नाझी जर्मनीतून निसटून आलेला हा ज्यू डॉक्टर. त्याने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ऐकायला अगदी किरकोळ वाटते: रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. माणसं जगू लागली. मग ती दिवसभर करणार काय, हा प्रश्न आला आणि त्यातून खेळ आले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी व्हीलचेअरवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

शरीर वाचवण्याचं शास्त्र असं कामातून उभं राहिलं. मनाचं शास्त्र मात्र बराच काळ तर्कावर चाललं. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचं मृत्यूशय्येवरच्या रुग्णांविषयीचं पुस्तक आलं. नकार, संताप, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे त्यातले पाच टप्पे मज्जारज्जूच्या वॉर्डातही येऊन बसले. त्यांच्याआधीपासूनच एक समज होता, की एवढं मोठं नुकसान झालं म्हणजे माणसाने शोक केलाच पाहिजे. यातून विचित्र प्रकार घडत. रुग्ण रडला तर तो ‘नैराश्याच्या टप्प्यात’ आणि रडला नाही, शेजारच्या खाटेवरच्याशी पत्ते खेळत हसला, तर तो ‘नकारात’. सुटका दोन्हीकडून नाही. आपल्याकडच्या ‘अजून त्याला धक्का बसलेला नाही, रडू दे एकदा’ या वाक्याचीच ही परदेशी, पदवीधर आवृत्ती.

रॉबर्टा ट्रिशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली याला हटकलं. त्यांचा सवाल साधा होता: हे टप्पे कुणी मोजलेत का? कुणी मोजले नव्हते. पुढे १९८९ मध्ये कॅमिल वॉर्टमन आणि रॉक्सेन सिल्व्हर यांनी मोठ्या नुकसानीनंतरच्या शोकाबद्दलच्या समजुती एकेक करून तपासल्या आणि ‘प्रत्येकजण खचतोच’ ही समजूत टिकली नाही. १९९० च्या आणखी एका अभ्यासात रुग्ण स्वतःला जितके उदास म्हणत, त्याहून कर्मचारी त्यांना अधिक उदास समजत असल्याचं दिसलं. २०१२ साली जॉर्ज बोनॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या सहा देशांतल्या २३३ रुग्णांचा दोन वर्षं माग ठेवला. सगळ्यात मोठा गट निघाला तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर राहिलेल्यांचा. काही आधी खचले आणि सावरले, काही हळूहळू खाली गेले, काही खालीच राहिले. सगळ्यांना चढावी लागेल अशी एकच पायऱ्यांची वाट सापडली नाही.

याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा घ्यायचा नाही. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगतो की मज्जारज्जूच्या इजेनंतर सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्याचा आजार असतो. आपल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण प्रौढांमध्ये हेच प्रमाण २.७ टक्के होतं. मोजण्याच्या पट्ट्या वेगळ्या, देश वेगळे, त्यामुळे भागाकार करत बसू नये. पण अंतर डोळ्यांत भरतं. पाचांतल्या चौघांना हा आजार नाही आणि एकाला आहे. गंमत अशी, की ‘त्याला वाईट वाटणारच’ या समजुतीचा सर्वाधिक फटका या पाचव्याला बसतो. वाईट वाटणं साहजिक आहे, मग औषध कशाला? अमेरिकेतल्या ९४७ जणांच्या २०११ सालच्या अभ्यासात २३ टक्क्यांना नैराश्य असावं असं दिसलं. त्यांच्यातल्या जेमतेम २९ टक्क्यांना त्यावरचं काही औषध चालू होतं, समुपदेशन मिळणारे त्याहून कमी. ही अमेरिकेची गोष्ट.

आत्महत्येविषयी बोलायला आपण बिचकतो, पण आढावा घ्यायचा तर ते टाळता येत नाही. डेन्मार्कमधल्या १९९८ च्या अभ्यासात मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या जवळपास पाचपट आढळलं. त्याच अभ्यासात आणखी एक नोंद होती, जिच्यापाशी मी अडखळलो. मानेपासून खाली पूर्ण लुळे पडलेल्यांपेक्षा ज्यांचं अपंगत्व अगदी सौम्य होतं, त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. आपला अंदाज याच्या नेमका उलट असतो. मला यामागे एक साधी गोष्ट दिसते, सिद्ध मात्र करता येणार नाही. जो थोडक्यात वाचला त्याला सगळे ‘नशीबवान’ म्हणतात. काठीच्या आधाराने तो चालतो, म्हणून त्याच्या न दिसणाऱ्या वेदनेची, पिशवीत लपवलेल्या डायपरची कुणी चौकशी करत नाही. त्याचा पाठपुरावा लवकर थांबतो आणि तो दिवसभर कालच्या स्वतःशी स्वतःची तुलना करत बसतो.

आता निदानाची गुंतागुंत. नैराश्य तपासायला जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. झोप लागते का, थकवा आहे का, भूक कशी आहे, हालचाल मंदावली आहे का? ज्याला रात्री तीनदा कूस बदलायला उठवतात, ज्याचे पायच हलत नाहीत, त्याने या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं? काही डॉक्टर म्हणूनच ही शारीरिक लक्षणं धरत नाहीत, तर काही सगळीच धरून प्रत्येकाला गोळी देतात. संशोधकांचा अनुभव असा, की प्रश्नावली तरीही बऱ्यापैकी चालते, पण भरवसा ठेवायचा तो पहिल्या दोन प्रश्नांवर: कशात रस वाटेनासा झालाय का, आणि मन सतत उदास, हताश असतं का? हे दोन प्रश्न विचारायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. ड्रेसिंग करणारी सिस्टरही विचारू शकते.

काही वेळा मनाचं म्हणून जे दिसतं ते शरीराचंच असतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या माणसाला अचानक डोकं फुटेल असं दुखू लागतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो, जीव घाबरा होतो. घरचे म्हणतात, टेन्शन घेतलंय. खरं कारण बहुतेकदा असतं मुडपलेली कॅथेटरची नळी. तुंबलेल्या मूत्राशयाचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही, पण खालचं शरीर घाबरून रक्तदाब वर फेकतं, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी धीर देत बसायचं नाही. आधी माणसाला उठवून बसवायचं, नळी सरळ करायची, पिशवी बघायची, आणि तरी उतार पडला नाही तर लगेच दवाखाना. दुसरं उदाहरण बॅक्लोफेनचं. पायांचा ताठरपणा कमी करायला ही गोळी देतात. गावात मेडिकल बंद, एसटी नाही, गोळ्या संपल्या म्हणून ती एकदम बंद केली, तर भास होऊ शकतात, झटके येऊ शकतात. रुग्ण भिंतीशी बोलू लागला की घरातल्यांना बाहेरचं काही लागलं असंच वाटणार. तिसरी गोष्ट डोक्याच्या माराची. ज्या पडण्याने मणका गेला त्यानेच डोकंही आपटलेलं असतं. एमआरआय पाठीचा निघतो, आणि पुढे वर्षभर चिडचिड, विसरभोळेपणा, लक्ष न लागणं हे सगळं ‘नैराश्य’ या एकाच खात्यावर जमा होत राहतं.

इथे जराशी आडवाट. भावना मुळात शरीरात उपजते आणि मग मनाला कळते, असं विल्यम जेम्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं. ते खरं, तर मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या भावना बोथट व्हायला हव्यात. जॉर्ज होमन हे संशोधक स्वतः व्हीलचेअरवर होते. १९६६ साली त्यांनी २५ पुरुषांच्या मुलाखती घेतल्या आणि इजा जितकी वर, तितका राग आणि भीती फिकी, असा निष्कर्ष काढला. वीसेक वर्षं तो पाठ्यपुस्तकांत दिमाखात मिरवला. १९८८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी नीट तुलना केली तेव्हा भावना तितक्याच तीव्र असल्याचं आढळलं. होमन यांच्याबद्दल मला तरीही आदर वाटतो. त्यांनी निदान लोकांना बसवून विचारलं होतं.

नीट विचारल्यावर काय हाती लागतं त्याचं एक उत्तम उदाहरण २००४ सालचं आहे. किम अँडरसन या मानेला इजा झालेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांनी मज्जारज्जूच्या ६८१ रुग्णांना विचारलं, की कुठली एक गोष्ट परत मिळाली तर तुमचं जगणं सगळ्यात जास्त बदलेल? जगाला वाटतं उत्तर एकच असणार, चालणं. चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात आणि बोटं मागितली. फक्त पाय गेलेल्यांमध्ये सगळ्यात वरची मागणी होती लैंगिक क्रियेची. लघवी-शौचावरचा ताबाही दोन्ही गटांत वरच होता. चालणं पहिलं आलं नाही. आणि आपल्या वॉर्डात पहिल्या दिवसापासून जो एकच प्रश्न घोळत असतो तो असा: ‘डॉक्टर, चालेल ना?’

साताऱ्याकडच्या एका घरी गेल्या वर्षी माझं दोनदा जाणं झालं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, सेंट्रिंगच्या कामावर दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून पडलेला. कमरेखालचं गेलं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लागून लोखंडी खाट, खाटेवर हवेची गादी. तिच्या पंपाची घरघर चोवीस तास. लाइट गेली की गादी हळूहळू बसते आणि आई उठून दोन उशा त्याच्या पाठीखाली सारते. आईच्या मोबाइलवर रात्री बारा, दोन, चार आणि सहाचे गजर. खिडकीला दोरी, दोरीवर धुतलेले कॅथेटर. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर कोपऱ्यात मिटून ठेवलेली, तिच्यावर चादरी वाळत.

अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्याचा डावा पाय गुडघ्यातून झटकन उचलला गेला. आईने दुसऱ्या दिवशी आळीत पेढे वाटले. तो उबळीचा झटका होता. मेंदूचा लगाम सुटला की खालची मज्जारज्जू स्वतःच्याच लयीत पाय झटकू लागते, त्यात इच्छेचा संबंध नसतो. हे त्यांना कळलं दीड महिन्याने, एका फिजिओकडून, तेही बोलता बोलता. ‘पेढे वाटले ना, आता कुणाला काय सांगू,’ आई म्हणाली. मधल्या काळात त्या पायाच्या जोरावर एक मालिशवाला, एक देवऋषी आणि स्टेम सेलवाला एक दवाखाना असे तिघे येऊन गेले होते. स्टेम सेलसाठी तीन लाख सांगितले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांपलीकडे स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर मान्य नाही; मज्जारज्जूसाठी तो फक्त संशोधन म्हणून करता येतो, आणि संशोधनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. हे त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. सुदैवाने म्हणायचं तर तीन लाख जमलेच नाहीत.

त्याला मी विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय खुपतं? वेदना म्हणेल असं मला वाटलं होतं, कारण जाणीव गेलेल्या पायांत जळजळ आणि विजेचे चटके बसतात असं तो आधी म्हणाला होता. अशी नसांची वेदना मज्जारज्जूच्या साधारण निम्म्या रुग्णांना असते आणि नैराश्याशी तिचं घट्ट नातं आहे. तो म्हणाला, ‘पाय गेले ते गेले. आईला रोज माझी शी काढायला लागते, ते बघवत नाही.’ बाथरूम घरातच होतं, खाटेपासून आठ पावलांवर. दार दोन फुटी. खुर्ची पंचवीस इंचांची.

अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसतं ते हेच. इजा किती वरची, किती पूर्ण, यावरून माणूस किती खचेल याचा अंदाज नीट लागत नाही. अंदाज लागतो वेदनेवरून, शय्याव्रणावरून, पैशावरून, माणूस घराबाहेर पडतो की नाही यावरून, सोबत कोण आहे यावरून. म्हणजे मनाच्या या दुखण्यातला मोठा वाटा गवंड्याच्या, सुताराच्या आणि तलाठ्याच्या हातात आहे. सार्वजनिक इमारतीत रॅम्पचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा साधा नियम आहे. आपल्याकडचे कित्येक रॅम्प असे खडे असतात की त्यावरून फक्त मोटरसायकल चढते.

सोबत कोण, या प्रश्नात बाई-पुरुष हा भेद येतोच. पुरुषाला इजा झाली तर आई किंवा बायको उभी राहते, आणि तिची स्वतःची पाठ, झोप आणि रोजगार त्यात जातो. बाईला झाली तर मी पाहिलेल्या घरांत तिला माहेरी पोचवलं गेलं होतं; मुलं सासरी, ती माहेरी. तिला मूल होऊ शकतं का हा प्रश्न तिच्यासमोर कुणी काढत नाही. होऊ शकतं. काही महिन्यांनी पाळी परत येते आणि गर्भधारणेची क्षमता सहसा टिकून असते. पुरुषांच्या बाबतीत अडचणी जास्त, पण त्यांवरही उपाय आहेत, आणि तेही विचारायची चोरी. नवरा-बायको दोघंही तिशीच्या आत, आणि डिस्चार्जच्या कागदावर या विषयाची एक ओळ नाही, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं. काळजी घेणाऱ्यांची मनःस्थिती तपासायची पद्धत आपल्याकडे जवळपास नाहीच. सेंट्रिंगवाल्या त्या मुलाची आई दीड वर्षात सलग चार तास झोपली नव्हती. तिला कसं वाटतं हे विचारलं तर ती म्हणते, ‘मला काय झालंय?’

उपचारांचं काय? औषधांबाबत चित्र संमिश्र आहे. २०१५ साली व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यविरोधी औषधाची मज्जारज्जूच्या १३३ रुग्णांवर चाचणी झाली. शारीरिक लक्षणं धरणाऱ्या नेहमीच्या मोजपट्टीवर औषध आणि बिनऔषधी गोळी यांत ठळक फरक दिसला नाही. उदासीचा गाभा तेवढा मोजणाऱ्या छोट्या पट्टीवर मात्र औषध सरस ठरलं. पट्टी चुकीची असली की औषधही चुकीचं ठरतं, असा त्याचा एक अर्थ. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी गोळी वेदना, झोप, मन या तिन्हींसाठी सर्रास लिहितात; तिने लघवी अडते आणि बद्धकोष्ठ वाढतो, आणि या रुग्णाला तर तेवढंच नको असतं. विचारांना वळण देणाऱ्या संवादोपचाराचा उपयोग होतो, पण तो देणारी माणसं शहरात, आणि त्यांचे दवाखाने बहुधा पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो उपाय म्हणजे त्याच वाटेने गेलेलं दुसरं माणूस. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी पाय गमवावे लागले. स्वतः व्हीलचेअरवर असूनही स्वतंत्रपणे जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली; पुढे १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, आणि वॉर्डाच्या कपाटात असावं असं हे पुस्तक आहे. मुंबईत केतना मेहता यांनी पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर काही वर्षांनी, २००१ मध्ये, नीना फाउंडेशन सुरू केलं. १९६५ मध्ये एव्हरेस्ट चढून आलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून खुर्चीला खिळले, आणि दिल्लीतलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभं केलं. पुण्यात खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथे नवा जवान येतो तेव्हा त्याला खाटेवरून खुर्चीत कसं सरकायचं हे खुर्चीतलाच कुणीतरी दाखवतो. फिजिओने शिकवणं वेगळं आणि हे वेगळं.

त्याच १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि २०२४ मध्ये सिनेमा आला. सिनेमा आल्यापासून प्रत्येक रुग्णाला पेटकर व्हायचा सल्ला मिळतो. यात पेटकरांचा काही दोष नाही. पण जो सकाळी उठून तोंड धुऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसला, तो तेवढ्यावर चांगला जगतोय हे मान्य करायला आपण तयार नसतो. त्याला एकतर पदक लागतं नाहीतर दया. वॉर्डात नव्याने आलेल्याला पदकवाला दाखवला तर तो अनेकदा आणखीच खचतो. गल्ल्यावर बसणारा दाखवला तर विचारतो, ‘दुकानात लघवीचं काय करता?’ तिथून खरं बोलणं सुरू होतं.

कायदे आपल्याकडे वाईट नाहीत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न बघता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून बघायला सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. ज्याला दवाखान्याचा जिना चढता येत नाही त्याच्यासाठी फोन ही फार मोठी सोय आहे. पण मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर हातात पडणाऱ्या डिस्चार्जच्या कागदावर हा क्रमांक छापलेला मी अजून पाहिलेला नाही. छापायला किती शाई लागते?

साताऱ्याकडच्या त्या घरी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चादरी दोरीवर होत्या आणि खुर्ची खाटेजवळ. त्याच्या जुन्या मुकादमाने येऊन बाथरूमचं दार चौकटीसकट काढलं होतं, आत एक पाइप ठोकला होता धरायला आणि बाहेर प्लास्टिकचा निळा पडदा. औषध काही बदललं नव्हतं. आई बाहेर ओट्यावर भाजी निवडत होती. मी मापं विचारली. त्याने सेंट्रिंगवाल्याच्या सवयीने फटकन सांगितली. चौकट काढल्यावर सत्तावीस, खुर्ची पंचवीस, दोन्हीकडे एकेक इंच. ‘पण चाक ढकलताना हात बाहेर राहतो ना,’ तो म्हणाला आणि बोटांची सालटं निघालेली पेरं माझ्यापुढे धरली. ‘अजून दोन इंच फोडायला पाहिजे. मुकादमाला सांगितलंय. येतो म्हणाला रविवारी.’